'भोक पाडणे' आणि 'भोक कापणे'

पोलादी पत्र्यास भोक पाडणे हा शब्दप्रयोग नित्याचा आहे. तथापि त्या जागचे द्रव्य कोठे जाते, याविषयी 'पाडणे' हे क्रियापद काहीच सांगत नाही. साधे ड्रिल भोकाच्या संपूर्ण क्षेत्राचा कीस करते; उलटपक्षी 'होल-सॉ' परिघालगत केवळ एक अरुंद खाच कापून आतील चकती अखंड सुटी करतो. भोकाचा व्यास ७५ मिलिमीटर व खाचेची रुंदी ४ मिलिमीटर धरल्यास एकूण क्षेत्राच्या सुमारे एक-पंचमांश भागाचाच कीस होतो. म्हणजे मोठे भोक येथे वस्तुतः कापले जाते.

या हत्यारास 'वर्तुळाकार करवत' म्हणणे सहज सुचते, पण ते ग्राह्य नाही. ते नाव चकतीच्या कडेस दात असलेल्या निराळ्या करवतीचे आहे. होल-सॉचे दात पालथ्या पेल्याच्या काठावर बसवावेत तसे असतात. त्यामुळे 'नळकरवत' हा शब्द अधिक अन्वर्थक ठरेल.

परिभाषेतील शैथिल्याची खरी किंमत मोजावी लागते ती 'वेग' या शब्दापायी. यंत्राचे दर मिनिटास होणारे फेरे आणि दाताचा धातूवरून सरकण्याचा वेग या दोन भिन्न राशी होत. ६ मिलिमीटरचे ड्रिल मिनिटास १००० फेरे करते, तेव्हा त्याच्या कडेचा वेग मिनिटास सुमारे १९ मीटर असतो. तितक्याच फेऱ्यांनी ७५ मिलिमीटरची नळकरवत फिरविल्यास तो २३५ मीटरांवर जातो आणि दात जळतात. पूर्वीचाच वेग राखावयाचा तर फेरे ८० पर्यंत उतरवावे लागतात. यास्तव पहिल्या राशीस 'फेरे' व दुसरीस 'कर्तनवेग' अशी स्वतंत्र नावे योजणे अवश्य आहे.

'हळू' हा शब्द तर याहूनही फसवा. मराठीत त्याचा अर्थ 'मंद गतीने' असा होतो, तसाच 'नाजूकपणे' असाही होतो. १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले स्टेनलेस स्टील कापताना पहिला अर्थ तारक, तर दुसरा मारक ठरतो. दाब अपुरा पडला की दात कापण्याऐवजी नुसते घासतात, त्या घर्षणाने पृष्ठभाग अधिकच कठीण होतो आणि पुढील दातास तेथे शिरकाव मिळत नाही. म्हणून 'हळू चालवा' या सूचनेऐवजी 'फेरे कमी ठेवा, दाब भरपूर व एकसारखा द्या' असेच लिहिले पाहिजे.

कीस साचण्याची अडचणही खाचेच्या बंदिस्त आकारातूनच उद्भवते. त्यावर उपाय असा की, नळकरवतीच्या मार्गावर, सुट्या होणाऱ्या चकतीच्या बाजूस, एक लहान भोक आधीच पाडावे. त्यातून कीस खाली गळतो. पत्रा घट्ट आवळणे, तेल देणे व करवत मधूनमधून वर उचलून दात मोकळे करणे हेही तितकेच आवश्यक.

सारांश, तांत्रिक मराठीत शब्दाची निवड केवळ कोशाच्या आधारे करून भागत नाही. ज्या क्रियेस तो शब्द लावावयाचा, ती क्रिया प्रथम नीट समजून घ्यावी लागते.