हट्ट्यात समुद्री मासे विकायचेत? मग 'एंजल' नीट निवडा!

हट्ट्यासारख्या गावात ॲक्वेरियमचं दुकान टाकताय? ग्राहक 'एंजल' मागतो तेव्हा आधी विचारा, गोड्या पाण्यातला की समुद्री? नाव एकच, पण खर्चात जमीन-अस्मानाचा फरक.

समुद्री टाकी छोटी असेल तर बुटका एंजल बघा. चेरब साधारण ८ सेंटीमीटरचा, तर कोरल ब्युटी १० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. फ्लेम एंजल लालभडक, लगेच नजरेत भरतो, पण महाग. पहिल्याच मालात त्यात भांडवल अडकवू नका. टाकी निदान २०० ते ३०० लिटरची हवी. एका टाकीत एकच एंजल ठेवा, तोही सगळ्यात शेवटी सोडा. आधी सोडला तर दादागिरी करतो. घेताना तुमच्यासमोर खातोय का, ते बघा. न खाणारा मासा म्हणजे बुडालेले पैसे.

आता महत्त्वाचं! हे मासे प्रवाळाला चोच मारतात. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार दगडी प्रवाळ संरक्षित आहेत, त्यांचा व्यापार गुन्हा आहे. म्हणून कृत्रिम प्रवाळच वापरा.

आणि आपल्याकडचा उन्हाळा? पाणी २५-२६ अंशांवर ठेवायला चिलर लागतो. तो खर्च आणि वीजबिल ग्राहकाला आधीच सांगा. खरं सांगणाऱ्याकडेच ग्राहक परत येतो!