काडीकचऱ्यावर भाजीपाला

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपण म्हणतो. पण उकिरड्याला बारा वर्षे ताटकळत ठेवण्याचे खरोखर काही कारण नाही. रीतसर कुजविला तर रानातला काडीकचरा तीन-चार महिन्यांत भाजीपाल्याचे अन्न होतो. नवी पेठेसारख्या दाटीच्या वस्तीत अंगण कोठून आणावयाचे? तेव्हा गच्चीवर वांगी, टोमॅटो, मेथी करावयाची झाल्यास मातीच्या जागी हा कचरा कितपत चालेल, याचा विचार आपण करू.

पहिली अडचण वजनाची. ओली माती घनमीटरला दीड टनाहून अधिक भरते. जुन्या माळवदाला तो भार सोसावयाचा नाही. कुजलेला पालापाचोळा तिच्याहून बराच हलका, आणि पाणीही धरून ठेवणारा. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या मुलखात हा गुण लहान नव्हे.

मग ताजे पाचटच कुंडीत भरून रोप लावले तर? रोप पिवळे पडते. कुजविणाऱ्या जंतूंना नत्राच्या एका भागामागे कार्बनचे पंचवीस-तीस भाग पुरतात. पाचटात मात्र कार्बन नत्राच्या शंभरपटीच्या घरात असतो. नत्राची ही तूट जंतू रोपाच्या ताटातले वाढून घेऊन भरून काढतात, आणि रोप उपाशी राहते. म्हणून आधी जंतूंची पंगत उठवावी, मग रोपाचे पान मांडावे.

ही रीत पद्धतशीर बसविली गेली ती इंदूरला. तेथील वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातला टाकाऊ माल कुजविण्याचे प्रयोग केले व १९३१ साली ते ग्रंथरूपाने मांडले. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणाचा, मग गोमूत्र मुरलेली माती आणि थोडी राख, असे थरावर थर द्यावयाचे. ओल पिळलेल्या फडक्याइतकी राखावयाची. ढीग आतून साठ अंशांपर्यंत तापतो, त्यात तणाचे बी बहुतांशी मरते. ढीग अधूनमधून उलथला म्हणजे आत हवा खेळते. कचरा काळसर, भुसभुशीत झाला, ढीग निवला आणि रानातल्या मातीसारखा वास आला की माल तयार.

शहरातही हे साधते. मुंबईत डॉ. रमेश दोशी यांनी गच्चीवर उसाच्या चिपाडावर भाज्या पिकवून दाखविल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ साली बाग सुरू केली. स्वयंपाकघरातला कचरा त्या बागेचे खाद्य झाला. महाराष्ट्रात या विचाराला बळ दिले ते गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार यांनी.

आता महत्त्वाचा प्रश्न : कचरा म्हणावे कशाला? ज्वारीचा कडबा हा कचरा नव्हे. १९७२ च्या दुष्काळात त्याची किंमत काय होती, हे जुन्या मंडळींना सांगावयास नको. हरभऱ्याचे भुसकट, भुईमुगाचा पाला हाही जनावरांचाच घास. चिपाडाला कारखान्याच्या भट्टीची मागणी असते, तुराट्या चुलीत जातात. उरते काय? उसाचे पाचट, शेंगांची टरफले, तण, मंडईतला पाला. पैकी पाचट एका हेक्टरातून आठ-दहा टन निघते, आणि पुष्कळ ठिकाणी काडी लावून ते क्षणात धूर करून टाकतात. रानाचा त्यावर पहिला हक्क आहे. तेथेच ते कुजविले तर उत्तमच. पण जे जळणारच असेल, त्यातली चार पोती शहरात आणून कुजवावयास काय हरकत आहे?

तेव्हा गच्चीवरच्या बागेने गाईच्या तोंडचे ओढू नये, एवढे पथ्य पाळावे. जे कोणाच्याच पोटात जाणार नाही, ते आधी जंतूंच्या, मग रोपाच्या आणि शेवटी आपल्या पोटात जावे. उकिरड्याचे पांग फेडण्याचा हाच खरा मार्ग होय.