झडपेची उलटतपासणी

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या एका वाचकांनी आपल्या १९७८ सालच्या मोटारीची कैफियत कळविली आहे: धूरतपासणीत नायट्रोजन ऑक्साइडे अधिक निघाली आणि मिस्त्रीने कसलीही चौकशी न करता ईजीआर झडप बडतर्फ करण्याचा हुकूम दिला.

ज्वालेचे तापमान सुमारे १८०० केल्विनच्या वर चढले, की एरवी उदासीन असणारा हवेतील नायट्रोजन प्राणवायूशी झपाट्याने संयोग पावू लागतो. म्हणून, निखाऱ्यावर राख सारून आच उतरवावी त्याप्रमाणे, जळून गेलेलाच थोडा वायू ही झडप पुन्हा सिलिंडरात धाडते. हे सारे उपद्व्याप ज्यांच्यामुळे अपरिहार्य झाले ते आरी हागेन-स्मिट, अननसाच्या सुगंधाचे पृथक्करण करण्यात गुंतलेले डच वंशाचे रसायनज्ञ, आज मोटारवाल्यांच्या स्मरणातही नाहीत. लॉस एंजेलिसचे डोळे झोंबविणारे धुके मोटारींच्या व तेलधंद्याच्या वायूंवर सूर्यप्रकाशाची प्रक्रिया होऊन बनते, हे त्यांनी १९५० च्या सुमारास दाखविले, तेव्हा तेलधंद्याच्या पैशावर पोसलेल्या संशोधकांनी त्यांना खोटे पाडण्याची शिकस्त केली होती.

असो. इंजिन तापवून संथ चालू ठेवावे, झडपेवरील रबरी नळी काढून तेथे हाताचा व्हॅक्यूम पंप जोडावा आणि पाऱ्याच्या १० ते १५ इंचांइतका निर्वात ओढावा. काटा स्थिर राहिला तर पडदा शाबूत. पण एवढ्यावर निकाल देणारे पुष्कळ. पडदा उचलला गेला तरी वायू वाहिलाच असे नव्हे: इंजिन धडधडले किंवा बंद पडले पाहिजे, आणि ते निर्विकार राहिले तर काजळीने बुजलेल्या मार्गाचा संशय आधी घ्यावा. शिवाय १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील काही झडपा धुराच्या उलट दाबावाचून निर्वात धरीतच नाहीत. संथ चालीत त्यांचा काटा घसरणे हा कसूर नव्हे, आणि अशा कित्येक निरपराध झडपा भंगारात गेल्या असतील. (नळीत छर्रा कोंबून इंजिनाची ताकद वाढविणाऱ्या हौशी मंडळींना मिळतात ते फक्त ठोके.)

वाचकांनी तूर्त झडप विकत घेऊ नये. काढलेल्या नळीच्या तोंडाशी बोट धरून, गरम इंजिनाचा वेग वाढविताच ओढ लागते का, तेवढे पाहावे. संथ चालीत ती बहुधा नसतेच. वेग वाढवूनही ओढ नसेल, तर चिरलेली नळी किंवा बिघडलेला उष्णतेचा स्विच शोधावा.