काऊन उठला रे?

रात्रीचे दोन. नागपुरात नवतपा सुरू, खिडकीत कूलर घरघरतोय आणि अंधाऱ्या खोलीत एकदम निळसर उजेड. अकरा वाजता ‘स्लीप’वर टाकलेला कॉम्प्युटर टक्क जागा! परत झोपवला. दहा मिनिटांत पुन्हा उठून बसला. अशा वेळी नागपूरकराच्या तोंडून एकच प्रश्न निघतो.

गंमत अशी, की हा प्रश्न कॉम्प्युटरला खरोखर विचारता येतो आणि तो उत्तरही देतो. पण मुळात तो झोपतो म्हणजे काय करतो?

प्रोसेसर बंद, डिस्क बंद, पंखा बंद. तरी सकाळी अर्धवट लिहिलेलं वाक्य जिथल्या तिथे सापडतं. ते असतं रॅममध्ये, आणि रॅम म्हणजे चक्क आपला उन्हाळ्यातला माठ! तिच्यातला प्रत्येक बिट हा विजेचा इवलासा साठा असतो आणि तो सतत पाझरतो. 8 जीबी रॅममध्ये असे 6,800 कोटींहून जास्त माठ असतात. रिकामे होण्याआधी त्यातला प्रत्येक माठ तपासून पुन्हा भरावा लागतो. किती वेळात? साधारण 64 मिलिसेकंदांत. तुमची पापणी लवते तेवढ्यात सगळ्या माठांची एक फेरी पुरी झालेली असते. ही भराभरी रात्रभर चालते आणि आपण तिला झोप म्हणतो! (चिपचं तापमान 85 अंशांच्या वर गेलं की फेऱ्या दुप्पट कराव्या लागतात. आपला मे महिना अजून तिथवर पोचलेला नाही, एवढंच.)

दुसरं नवल म्हणजे पहारेकरी. डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायमध्ये एक जांभळी तार असते. भिंतीवरचं बटण चालू आहे तोवर तिच्यात 5 व्होल्ट खेळत असतात, मशीन झोपलेलं असो की बंद. त्या चिमूटभर विजेवर कीबोर्ड, माउस आणि नेटवर्क कार्ड कान टवकारून बसतात. नेटवर्क कार्डाचा तर परवलीचा निरोप ठरलेला: आधी सहा ठरावीक बाइट, मग त्याचाच पत्ता लागोपाठ 16 वेळा. एकूण 102 बाइट. दारात उभं राहून एकच नाव सोळा वेळा पुकारलं, तर कुंभकर्णही उठेल!

शिवाय गजर असतोच. मदरबोर्डवरचं घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतं. तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. विंडोज 10 मधली देखभालीची ठरलेली वेळ रात्री दोनची, म्हणून माझा पहिला संशय या गजरावरच गेला. पण मग दहा मिनिटांनी पुन्हा कोणी उठवलं?

म्हणून विचारलंच. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या चौकटीत इंग्रजीत ‘पॉवर’ला जोडून ‘सीएफजी’, मग जागा सोडून तिरकी रेघ, आणि तिला चिकटून ‘लास्टवेक’. उत्तर आलं: यूएसबी. म्हणजे पोलिसांनी चोराचं नाव न सांगता नुसती गल्ली सांगावी तसं. त्या गल्लीत राहणारे दोघेच, कीबोर्ड आणि माउस. कीबोर्डला तर कोणी हात लावला नव्हता.

ऑप्टिकल माउस टेबलाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी ताडून आपण किती सरकलो ते ठरवतो. मशीन झोपलं की तोही आळसावतो, पण डोळा पुरता मिटत नाही. मी टेबलावर तळहात ठेवला. थरथर! टेबल खिडकीला टेकलेलं, खिडकीत कूलर, कूलरची मोटर डुगडुगती. केसाएवढं हलणारं टेबल माउसला मात्र पुरेसं होतं. आपल्याला कोणीतरी हात लावलाय, असं वाटून त्याने इमानेइतबारे मालकाला हाक मारली होती.

उपाय दोन मिनिटांचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउस शोधायचा, ‘पॉवर मॅनेजमेंट’ उघडायचं आणि कॉम्प्युटरला उठवण्याची मुभा देणारी खूण काढायची. तुमच्याकडे गजरच दोषी निघाला, तर पॉवर ऑप्शन्समध्ये ‘वेक टायमर्स’ बंद करा. यूएसबी आलं, तर माझ्यासारखा टेबलावर एकदा हात ठेवून पाहा.

कूलर अजून डुगडुगतोच. कॉम्प्युटर मात्र सकाळपर्यंत झोपतो, आणि उठवायला कीबोर्डचं बटण दाबावं लागतं.