मंदीने अडवलेलं पुस्तक

परवा पुस्तक प्रदर्शनात एक छोटे प्रकाशक म्हणाले, "हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली कात्री मुलांच्या पुस्तकांना."

मला अमेरिकन बालसाहित्यिका लॉरा इंगल्स वाइल्डर आठवल्या.

अमेरिकेतल्या महामंदीत, १९३१ मध्ये, क्नॉफ या प्रकाशनसंस्थेने त्यांचं पहिलं पुस्तक स्वीकारलं आणि लगेच बालविभागच बंद करायला काढला. हस्तलिखित हार्पर या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेकडे गेलं. १९३२ मध्ये 'लिटल हाउस इन द बिग वुड्स' आलं, तेव्हा बाई ६५ वर्षांच्या होत्या!

विस्कॉन्सिनच्या जंगलातलं बालपण आहे त्यात. डुकराच्या मूत्राशयाचा फुगा करून खेळणाऱ्या बहिणी मुलांना फार आवडतात.

या पुस्तकाची पुढे मालिका झाली आणि तिच्यातल्या पाच पुस्तकांना न्यूबेरी ऑनर हा अमेरिकेतला बालसाहित्याचा सन्मान मिळाला. मुख्य न्यूबेरी पदक मात्र एकदाही नाही. माझ्या मते हा अन्यायच.

अशी पुस्तकं अडू नयेत म्हणून मुलांची पुस्तकं विकत घ्या, मंडळी!