वॉकमन: दोघांसाठी केलेलं यंत्र

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

जगातला पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. निळ्या-चंदेरी रंगाची, साधारण चारशे ग्रॅम वजनाची डबी. किंमत ३३,००० येन. या डबीला हेडफोन लावण्यासाठी एक नव्हे, दोन छिद्रं होती. शिवाय एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली जायचा, आतला छोटा मायक्रोफोन सुरू व्हायचा आणि हेडफोन न काढता दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. वॉकमन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो हेडफोन लावून जगाकडे पाठ फिरवलेला एकटा तरुण. पण ज्यांनी हे यंत्र केलं त्यांच्या मनात दोघं जण होते.

सोनी कंपनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना विमानप्रवासात संगीत ऐकण्याची आवड होती. त्यासाठी ते कंपनीचाच टेपरेकॉर्डर बरोबर नेत, पण तो चांगलाच जड होता. काहीतरी हलकं करा, असा त्यांनी आग्रह धरला. तेव्हा पत्रकारांच्या उपयोगाचा ‘प्रेसमन’ नावाचा छोटा रेकॉर्डर कंपनीकडे होता. इंजिनीअरांनी त्यातली ध्वनिमुद्रणाची सोय आणि स्पीकर काढून टाकला, त्या जागी स्टिरिओचं सर्किट बसवलं आणि हलके हेडफोन जोडले. म्हणजे नवीन शोध म्हणावा असं त्यात फारसं काही नव्हतं. जे केलं ते मुख्यतः काढून टाकण्याचं काम होतं. जो टेपरेकॉर्डर रेकॉर्डच करत नाही, तो कोण विकत घेणार, अशी शंका कंपनीतल्याच लोकांना होती. दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांनी मात्र हट्टाने तो बाजारात आणला.

मोरिता यांनी आपल्या ‘मेड इन जपान’ या आत्मचरित्रात एक घरगुती प्रसंग सांगितला आहे. नमुन्याचं यंत्र घरी नेऊन ते ऐकत बसले, तेव्हा त्यांच्या पत्नीला आपण बाहेर ठेवले गेल्यासारखं वाटलं आणि ती नाराज झाली. चारचौघांत एकट्यानेच गाणं ऐकणं हे असभ्यपणाचं दिसेल, असं त्यांनाही वाटलं. म्हणून ती दोन छिद्रं आणि म्हणून ते बोलण्याचं बटण. पहिल्या महिन्यात जेमतेम तीन हजार नग खपले. पण ऑगस्टअखेर पहिली तीस हजारांची खेप संपली आणि मग मागणी थांबेना. मोरितांचा एक अंदाज तेवढा चुकला. लोकांना हे यंत्र वाटून घ्यायचं नव्हतं, स्वतःचं असं हवं होतं. पुढच्या मॉडेलांतून आधी ते बटण गेलं, मग दुसरं छिद्रही गेलं.

जाता जाता सांगायला हवं, की अंगावर बाळगून ऐकण्याच्या स्टिरिओची कल्पना आंद्रेआस पावेल या गृहस्थांनी आधीच मांडली होती. ‘स्टिरिओबेल्ट’ या नावाने १९७७ साली त्यांनी इटलीत पेटंटसाठी अर्जही केला होता. सोनीशी त्यांचा वाद पंचवीसएक वर्षं चालला आणि अखेर तडजोडीने मिटला.

वॉकमनच्या आत जी कॅसेट जायची ती त्याहून सोळा वर्षांनी जुनी. फिलिप्स कंपनीतले डच इंजिनीअर लू ऑटन्स यांनी, कोटाच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा कापून घेतला आणि रेकॉर्डर याहून मोठा होता कामा नये असं ठरवलं. त्या मापाबरहुकूम केलेली कॅसेट १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली गेली. पावणेचार मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त रुंदीची ती फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने सरकते. म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये साधारण ८६ मीटर फीत असते. गिरगावातल्या आमच्या चाळीची गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा मोजली तरी ती उरली असती. एकदा कॅसेट अडकली आणि सगळी फीत बाहेर आली, तेव्हा आम्ही ती खरोखरच गॅलरीत पसरून, पेन्सिल घालून गुंडाळली होती. सहा कोनांची पेन्सिल कॅसेटच्या दातेरी भोकात इतकी घट्ट बसते, की ती त्यासाठीच केली असावी असं वाटे.

हा वेग कायम ठेवणं हे वॉकमनचं खरं काम. कॅपस्टन नावाची एक बारीक फिरती सळई आणि तिला टेकलेलं रबरी चाक या दोहोंच्या चिमटीतून फीत पुढे जाते. पेन्सिल सेल उतरले की मोटर मंदावते, सळई हळू फिरते आणि गाणं वेगाबरोबर सुरातही खाली येतं. लताबाईंचा आवाज पुरुषी होऊ लागला की समजायचं, सेल संपले. मग ते काढून उन्हात ठेवायचे. ऊब मिळाली की आणखी एखादं गाणं निघायचं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमधली फीत जास्त पातळ असते. बरेच दिवस गुंडाळून राहिली तर एका थरावरचं चुंबकीय ठसं शेजारच्या थरावर पुसटसं उमटतं. गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेत त्याच गाण्याची अगदी लांबून आल्यासारखी चाहूल लागायची, ती त्यामुळे. मला ती फार आवडायची, पण तो दोष होता हे नंतर कळलं.

आपल्याकडे वॉकमन आला तो बहुधा आखातातून परतणाऱ्यांच्या बॅगेतून, नाहीतर मुंबईच्या मनीष मार्केटसारख्या ठिकाणी फॉरेनचा माल म्हणून. पण त्याआधीच, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, कॅसेटने इथला बाजार उलटापालटा केला होता. तबकड्यांचा कारखाना घालायला मोठं भांडवल लागे, कॅसेट भरायला एक खोली पुरे. एचएमव्हीची मक्तेदारी मोडली, टी-सीरिज उभी राहिली, आणि गावोगावचे छोटे निर्माते भजनं, पोवाडे, लोकगीतं, भीमगीतं काढू लागले. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घराघरांत गेला तो मुख्यतः कॅसेटवरूनच. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर भारतातल्या या उलथापालथीवर १९९३ साली ‘कॅसेट कल्चर’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यातलं पुष्कळसं महाराष्ट्रालाही लागू पडतं. शिवाय नाक्यावरचा कॅसेटवाला होताच. आपण यादी द्यायची, तो कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचा. कायद्याने ती चोरी होती, पण तेव्हा तसं कोणाच्या मनातही येत नसे.

वॉकमनने माणसं एकलकोंडी केली, अशी तक्रार जगभर झाली. मला ती अर्धीच पटते. दोन खोल्यांत सात माणसं, कोपऱ्यात टीव्ही आणि खाली गणपतीत दहा दिवस लाऊडस्पीकर, अशा घरात वाढलेल्या मुलाला स्वतःची खोली कधी मिळाली नाही. १९८७ साली मामाने मस्कतहून वॉकमन आणला, तेव्हा पहिल्यांदा मला दार लावून घेता आलं. एकटेपणा ही ज्यांना सहज मिळणारी गोष्ट असते, त्यांनीच तिच्याविरुद्ध बोलावं.

अर्थात मालकी माझी एकट्याची नव्हतीच. ताईचा अर्धा वाटा होता आणि मामाच्या वॉकमनला छिद्र एकच होतं. डोक्याला डोकं लावून, हेडफोनचा एक फोमचा गोळा तिच्या कानाला आणि दुसरा माझ्या, असं आम्ही ऐकायचो. पण स्टिरिओ कॅसेटमध्ये डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन वेगळे माग असतात. कधी तिच्याकडे सगळी व्हायोलिनं जायची आणि माझ्याकडे नुसता ठेका यायचा. यावरून भांडणं होत आणि अर्ध्यावर कान बदलावे लागत. मोनो कॅसेटला ही अडचण नव्हती. मोनोचा एकच रुंद माग स्टिरिओच्या दोन्ही मागांची जागा व्यापतो, म्हणून ती वॉकमनमध्ये घातली की दोन्ही कानांत तेच ऐकू येतं. फिलिप्सने ही आखणी मुद्दाम तशी केली होती. घरच्या साध्या टू-इन-वनवर भरलेल्या कॅसेट अशाच असत.

त्यातली एक आत्याची होती. १९८४ च्या मे महिन्यात वडिलांनी राजापूरकडच्या घरी ती भरली. जात्यावरच्या ओव्या. गावात गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती, पण खुंटा हातात असल्याशिवाय ओवी सुचत नाही असं आत्याचं म्हणणं. रिकामं जातं फिरवायचं नाही, म्हणून मूठ मूठ तांदूळ वैरून ती म्हणत राहिली. मुंबईला परतल्यावर वडिलांनी कॅसेटच्या पाठीमागचे दोन प्लॅस्टिकचे दात सुरीच्या टोकाने मोडून टाकले. ते मोडले की रेकॉर्डरमधली पट्टी त्या खाचेत जाते आणि रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. पुसलं जाऊ नये म्हणून केलेली ही सोय.

तिच्यावरचा उपायही सगळ्या मुलांना माहीत होता: खाचेवर चिकटपट्टी लावायची. वॉकमन आल्यावर कोऱ्या कॅसेटसाठी पैसे मिळेनात, आणि आत्याची कॅसेट कधी कोणी लावताना दिसत नव्हतं. एका दुपारी मी तिच्यावर मित्राच्या डबल डेकवरून सिनेमाची सहा गाणी भरली. रेकॉर्डरमध्ये मुद्रणाच्या हेडच्या अगोदर एक पुसणारं हेड असतं. नवं उमटण्याच्या क्षणभर आधी ते जुनं साफ करतं. हल्लीचे तंत्रज्ञसुद्धा त्यातून काही परत आणू शकत नाहीत, मी विचारून पाहिलं आहे. वडिलांना हे कळलं ते आत्या गेल्यावर, तिचा आवाज ऐकावा म्हणून त्यांनी कॅसेट लावली तेव्हा. ते काही बोलले नाहीत. चिकटपट्टी तेवढी नखाने काढून टाकली.

सोनीने २०१० साली जपानमध्ये कॅसेटचा वॉकमन बनवणं थांबवलं. तोवर जगभरात वीस कोटींच्या आसपास नग खपले होते. अलीकडे तरुण मुलं हौसेने कॅसेट घेतात असं ऐकतो. मला त्या हौसेपेक्षा घरोघरच्या माळ्यांवर पडलेल्या, पेनाने नाव लिहिलेल्या कॅसेटची काळजी वाटते. मुंजीतल्या मंगलाष्टका, दुबईहून पत्राऐवजी पाठवलेला आवाज, आजोबांचं कीर्तन, हे दुसरीकडे कुठेच नाही. कोकणातल्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते आणि हेडसमोर फीत दाबून धरणारा फेल्टचा तुकडा गळून पडतो. फीत चांगली असेल तर कॅसेटचे पाच स्क्रू उघडून ती दुसऱ्या खोक्यात घालता येते. मग चालू डेक मिळवायचा, हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, डेकची वायर कॉम्प्युटरला जोडायची आणि ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर भरून घ्यायचं. अर्ध्या तासाच्या बाजूला अर्धा तासच लागतो. घाई करायची सोय नाही. आणि ऐकताना गाणी संपली म्हणून थांबू नये, फीत संपेपर्यंत चालू द्यावी.

हे मी अनुभवाने सांगतो. माझी सहा गाणी अर्ध्या तासाला थोडी कमी पडली होती. गाणी संपल्यावर मी रेकॉर्डर बंद केला होता आणि त्यापुढची फीत पुसली गेलीच नव्हती. एवढ्या वर्षांत सहाव्या गाण्यानंतर कोणी ऐकलंच नव्हतं. गेल्या वर्षी कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना मी चहा करायला उठलो होतो, आणि स्वयंपाकघरात मला जात्याची घरघर ऐकू आली.

एक मिनिट चाळीस सेकंद आहेत. ताई पुण्याहून आली तेव्हा मी तिला ते मोबाइलवर ऐकवलं. इअरफोनची एक वायर तिच्याकडे, एक माझ्याकडे. मोनोच असल्यामुळे दोघांनाही सगळं ऐकू येत होतं. आत्या एक ओवी संपवते, जातं थांबतं. “किती राहिली रे टेप?” ती विचारते. “आहे अजून, म्हण तू,” वडील म्हणतात. जातं पुन्हा सुरू होतं, ती पुढची ओवी उचलते, आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर फीत संपते.