उजळणाऱ्या फांदीचे नाव काय?

पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानातील कुजकी लाकडे रात्री उजळतात, ही गोष्ट कडाव-कशेळ्याच्या मंडळींना नवी नाही. कर्जतहून कडाव, कशेळे, खांडस असा रस्ता धरला की त्या डोंगराचा पायथा लागतो, आणि तेथून शिडी घाटाने किंवा गणेश घाटाने माणूस माथ्यावर जातो. अलीकडे हा उजेड पाहण्यासाठी शहरांतून गाड्या भरून लोक येऊ लागले आहेत. पाहून झाले की जो तो विचारतो, ‘हे आहे तरी काय?’ उत्तरे तीन मिळतात. कोणी म्हणतो फॉस्फरस, कोणी म्हणतो काजवे, आणि थोडेफार वाचलेला असेल तो म्हणतो ‘मायसीना’. पहिले उत्तर चुकीचे, दुसरे कधीमधी बरोबर आणि तिसरे घाईचे, असे आमचे मत आहे.

फॉस्फरसचा या उजेडाशी संबंध नाही. हा उजेड जिवंत कवकाचा, म्हणजे बुरशीच्या जातीच्या जीवाचा आहे. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने असे एक उजळणारे लाकूड काचेच्या भांड्यात ठेवून आतील हवा पंपाने काढून घेतली. तेव्हा उजेड मावळला, आणि हवा पुन्हा आत सोडताच परत आला. हा प्रयोग त्याने १६६८ साली प्रसिद्ध केला. त्या वेळी ऑक्सिजनचा शोधही लागलेला नव्हता. पण त्या उजेडाला हवा लागते एवढे त्याने दाखवून दिले. आज आपण असे सांगू शकतो की कवकाच्या तंतूंत ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य तयार होते, ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो आणि त्या क्रियेत हिरवट थंड प्रकाश बाहेर पडतो. कवकांतील या द्रव्याची घडण २०१५ साली उलगडली. २०२० साली तर ही सगळी यंत्रणा तंबाखूच्या रोपात घालून शास्त्रज्ञांनी रोपच उजळून दाखवले. सांगण्याचे तात्पर्य, हवा आणि ओल दोन्ही हवीत. म्हणूनच पिशवीत घालून मुंबईला नेलेली फांदी वाळली की अंधारी होते, आणि नेणाऱ्याच्या हाती निव्वळ सरपण उरते.

काजव्यांचे म्हणाल तर त्यांच्या अळ्याही कुजक्या पाल्यात उजेड देतात. त्या ओळखणे सोपे आहे. अळीचा उजेड एका ठिपक्याएवढा असतो, सरकतो, आणि धक्का लागला तर विझतोही. कवकाचा उजेड लाकडाच्या रेषेरेषेने पसरलेला आणि रात्रभर स्थिर असतो. कोकणात वेताळाच्या पालखीच्या गोष्टी लहानपणी सर्वांनीच ऐकल्या आहेत. त्या साऱ्यांचा उलगडा आता या कवकाने झाला असे काही उत्साही लोक सांगतात, ते आम्हांस पटत नाही. पालखी चालते, ओंडका जागचा हलत नाही.

आणखी एक सावधगिरी. छायाचित्रांत दिसणारा झगझगीत हिरवा रंग अर्धा मिनिट वगैरे उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्याचा असतो. माणसाच्या डोळ्याला अंधुक प्रकाशात रंग कळत नाहीत; त्याला फिकट, दुधी उजेड दिसतो, आणि तोही वीस मिनिटे अंधारात थांबल्यावर. हातातील विजेरी एकदा लावली की ती वीस मिनिटे पुन्हा मोजावी लागतात.

आता नावाकडे वळू. युरोपातील पुस्तकांत ओकच्या पडलेल्या फांद्यांवरील उजेडाचे वर्णन असते आणि तेथे बहुधा आर्मिलारिया या मधाळ रंगाच्या छत्रीचे नाव येते. तिचे लाकडात शिरलेले तंतू उजळतात, छत्री मात्र अंधारीच राहते. आपल्या सह्याद्रीत ओक नाही. भीमाशंकरच्या माथ्यावर अंजन, जांभूळ, हिरडा, तर खाली आपल्या बाजूला ऐन, किंजळ, साग. तेव्हा परक्या पुस्तकातील नाव उचलून येथे चिकटवता येत नाही. ‘मायसीना’ची गोष्ट याहून बरी आहे, कारण उजळणाऱ्या कवकांत त्या कुळातील जाती पुष्कळ आहेत. पण ते एका मोठ्या गोताचे नाव आहे. ‘कोण आला?’ असे विचारल्यावर ‘पाटील’ म्हणून सांगावे, तसे ते झाले.

जगात अशा उजळणाऱ्या जाती आजवर शंभराहून अधिक नोंदल्या आहेत. त्यांतील एकीची ओळख कशी पटली ते पाहण्यासारखे आहे. मेघालयात मेलेल्या बांबूवर रात्री उजळणारी एक लहान छत्री लोकांना ठाऊकच होती. तिने माखलेल्या बांबूचे तुकडे अंधारात वाट काढायला ते वापरीत. अभ्यासकांनी पाहिले, तर डोके अंधारे आणि देठ तेवढा उजळ! मग सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहिले, जनुकांचा क्रम ताडून पाहिला, आणि २०२० साली ती रोरिडोमायसेस कुळातील नवी जात ठरली. रानातल्या माणसाने दिलेली खूण आणि प्रयोगशाळेतील तपासणी, दोन्ही मिळून नाव झाले.

आमच्याकडील अडचण अशी की लाकूड उजळते तेव्हा त्यावर छत्री बहुधा नसतेच. नुसत्या तंतूंवरून, डोळ्यांनी पाहून, कोणीही जात सांगू शकत नाही. आणि जात न कळल्याने नुकसान होते ते असे, की भीमाशंकरला उजेड देणारी जात एक आहे की चार, आणि ती कोणत्या झाडाच्या लाकडावर वाढते, हे समजल्याशिवाय कोणते लाकूड रानात पडून राहू द्यावे हे ठरवता येत नाही. पडलेले लाकूड म्हणजे कचरा, अशी आपली समजूत. तेच तर या कवकाचे घर आणि अन्न. जुन्या देवरायांत वाळकी काटकीही उचलू नये असा दंडक पुष्कळ ठिकाणी होता. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात या राया हिंडून पाहिल्या, तेव्हा त्यांना अशी रिवाज पाळणारी गावे भेटली.

ही व्याख्याने वैशाखात होतात. पावसाला महिना-दीड महिना अवकाश आहे. तेवढ्यात एक वही करून ठेवावी. भीमाशंकर हे १९८५ पासून अभयारण्य आहे. तेथून वन खात्याच्या परवानगीवाचून काडीही उचलावयाची नाही. पण आपल्या बांधावरचे, परसातले कुजके लाकूड तर आपलेच आहे. ते रात्री पाहावे. उजळले तर दोरा बांधून खूण करावी, झाड कोणते ते लिहावे, आणि पुढील पंधरवडाभर रोज सकाळी तेथे छत्री उगवते का ते पाहावे. उगवली तर रात्री परत जाऊन पाहावे, की डोके उजळते, देठ उजळतो, की दोन्ही अंधारीच. मग एक छत्री देठापासून तोडून, खालची बाजू कागदावर टेकवून, वाटीखाली रात्रभर झाकून ठेवावी. कागद अर्धा काळा, अर्धा पांढरा असावा. कारण उजळणाऱ्या जातींचे बीजाणू पांढरे असतात आणि पांढऱ्या कागदावर ते दिसत नाहीत. सकाळी काळ्या भागावर पांढरी भुकटी उमटली तर तपास योग्य वाटेवर आहे. तपकिरी उमटली, तर उजेड दुसऱ्याच कोणाचा होता. चव मात्र पाहू नये. जपानातील एक उजळणारी छत्री चांगल्या अळंबीसारखी दिसते आणि दरवर्षी लोकांना विषबाधा करते.

बाकीची छत्री सावलीत वाळवून, तारीख व ठिकाण लिहिलेल्या कागदाच्या पाकिटात ठेवावी. पुण्यास आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाचा कवकसंग्रह आहे. ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ या नावाने १९४६ साली सुरू झालेली ती हीच संस्था. तेथे असे वाळलेले नमुने वर्षानुवर्षे जपले जातात. ओल राहिलेले पाकीट टपालात कुजते. म्हणून ते धाडण्यापूर्वी दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवावे.